रहीमसाहेब

मुलांनो, फुटबॉल खेळताना तुम्ही चेंडू कोणत्या पायाने मारता? बहुतेक जण उजव्याच पायाने मारत असतील. सय्यद अब्दुल रहीम यांना हे पुरेसे वाटत नसे. कमजोर पायानेच चेंडू मारायचा, असे सामने ते मुलांसाठी भरवत.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ साली हैदराबादला झाला. ते शाळेत शिक्षक होते. पुढे ते हैदराबाद पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली.

भारतीय संघही त्यांच्याकडेच होता. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत या संघाने सुवर्णपदक मिळवले. पण १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. रहीमसाहेब खचले नाहीत. त्यांनी खेळाची पद्धत बदलली. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला!

१९६२ साली संघ जाकार्ताला गेला. रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. तरी ते मैदानावर हजर असत. बचाव करणाऱ्या जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब वारले. त्यानंतर २०२३ पर्यंतच्या एकाही आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले नाही.

मुलांनो, आज मैदानावर गेलात की कमजोर पायाने चेंडू मारून पाहा. पहिल्यांदा चुकेल. पुन्हा मारा.