समजून घ्या : बालगंधर्व तेच, मग गाणं का बदलत गेलं?

ईटसारख्या गावात लग्नाच्या वरातीला बँजो पार्टी नेहमीचीच असते, गाणीही तीच. पण कीबोर्डवाला बदलला की ऐकताना लगेच फरक कळतो. रॉक बँडचे चाहतेही यावर वर्षानुवर्षं भांडतात. मराठी रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वी असंच घडलं. मुख्य गायक एकच होता, बालगंधर्व. भोवतीची माणसं मात्र बदलत गेली.

कोण होते बालगंधर्व?

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि स्त्री भूमिकांनी गाजले. १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही प्रयोग रद्द झाला नाही, ते भामिनी म्हणून उभे राहिले.

पहिला बदल : तेंबे

'मानापमान'च्या चाली गोविंदराव तेंबे यांच्या. त्यांनी ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडच्या ढंगाचा वापर केला. जुन्या साकी-दिंडीच्या वळणापुढे हे नवं होतं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि तेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तेंबे मात्र लवकरच बाहेर पडले.

दुसरा बदल : बखले

१९१६ च्या 'स्वयंवर'चं संगीत गुरू भास्करबुवा बखले यांनी दिलं. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम त्यांच्याकडे होती. पदं ख्यालाच्या बंदिशींवर बेतली गेली आणि नाट्यगीत रागदारीकडे झुकलं.

साथीदारांनी काय केलं?

ऑर्गनचा सूर सलग भरून राहतो. सारंगी गळ्यातली मींड जशीच्या तशी उचलते. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी साथ मिळाल्यावर गायकाला पद हवं तेवढं खुलवता आलं. पण असा थाट महाग होता आणि मंडळी कर्जात बुडाली.

तिसरा बदल : मास्तर कृष्णराव

१९२२ मध्ये बखले गेले. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव पुढे चाली देऊ लागले. १९३१ च्या 'कान्होपात्रा'त अभंगांमुळे भक्तिरस आला.

शेवटी काय झालं?

१९३५ मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथ साकारले, पण ते रंगभूमीकडे परतले. १९३८ मध्ये गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. वय वाढलं, थाट ओसरला. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

थोडक्यात

गळा गायकाचा असतो, पण गाणं कुठल्या वळणानं जाईल हे चाल देणारा ठरवतो आणि ते किती फुलेल हे साथीदार. पुढच्या वेळी मोबाइलवर बालगंधर्वांचं पद ऐकाल, तेव्हा ते कोणत्या नाटकातलं आहे आणि चाल कोणाची आहे, हे आधी पाहा. फरक आपोआप कानावर येईल.