वंदनेला स्वर देणारे मास्टर कृष्णराव

त्रिशरण-पंचशील आम्ही इतक्या लहानपणापासून म्हणत आलो आहोत की, या पाली गाथांना कधी कोणी बसून चाल लावली असेल, हा विचारही मनात येत नाही. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवंदना स्वरबद्ध करण्याचे कार्य ज्यांच्यावर सोपविले, ते संगीतकार म्हणजे कृष्णराव गणेश फुलंब्रीकर, अर्थात मास्टर कृष्णराव.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आळंदी येथे एका वेदपाठी ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालनट म्हणून ते रंगभूमीवर आले. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी त्यांना घडविले. १९२२ मध्ये गुरू निवर्तले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची धुरा शिष्याकडे आली. ‘कान्होपात्रा’ आणि ‘कुलवधू’ या नाटकांच्या चाली त्यांच्याच.

‘प्रभात’ कंपनीतील त्यांच्या कार्याकडे मात्र आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. १९३५ चा ‘धर्मात्मा’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट संत एकनाथांच्या चरित्रावर होता. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवणाऱ्या एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि संगीत कृष्णरावांचे होते. त्यानंतर ‘माणूस’ आणि हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांची कथा सांगणारा ‘शेजारी’ आला. मैफलीत तान फिरविणे आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसाच्या ओठी चाल बसविणे, या दोन निराळ्या विद्या आहेत. कृष्णरावांना दोन्ही साध्य होत्या.

त्यांचा मोठा ध्यास ‘वंदे मातरम्’चा होता. आकाशवाणीवर ते गाण्यास अटकाव झाला, तेव्हा स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यांनी आकाशवाणीवर गाणेच सोडले. पुढे राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला. हे गीत समूहाला गाता येत नाही, वाद्यवृंदावर वाजत नाही, असा आक्षेप होता. त्यांनी झिंझोटी रागात सोपी चाल बांधली, बँडवर ती वाजवून घेतली, संविधान सभेच्या सदस्यांना ऐकविली. राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला गेला. एवढ्या श्रमांनंतरचा हा निर्णय त्यांना सोपा गेला नसणार.

परंतु ज्या प्रश्नाशी ते तेव्हा झुंजले, तोच बुद्धवंदनेत पुन्हा उभा राहिला. हजारो स्त्री-पुरुषांनी, त्यांतील अनेक निरक्षर, एका सुरात काय म्हणावे आणि कसे म्हणावे? भाषा पाली, कोणाच्याच घरची नव्हे. तान-मुरकी घेतली असती तर लोकांनी केवळ ऐकले असते. म्हणणे त्यांना जमले नसते. कृष्णराव वयाने पन्नाशी ओलांडलेले, कीर्तिमंत; तरीही त्यांनी पालीचा अभ्यास केला, शब्दांचे उच्चार समजून घेतले आणि मगच चाल लावली. त्यांच्या व सहगायकांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका निघाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ती वाजविण्यात आली. आपल्या भंडारा जिल्ह्याला नागपूर किती जवळचे, हे वेगळे सांगावयास नको.

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी जे लेख आमच्या वाचनात आले, त्यांत नाट्यपदांवर पानेच्या पाने आहेत. वंदनेच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते.