लाजेतला आजार आणि र. धों.

परवा भाचीला घेऊन घाटीत गेले होते. पाचवा महिना, रक्ताच्या तपासण्या. कागदावर व्हीडीआरएल लिहिलेलं. हे कशाला गं मावशी, म्हणाली. गरमीची तपासणी, म्हटल्यावर लाजून इकडेतिकडे बघायला लागली. मला एकदम र. धों. कर्वे आठवले.

१८८२ साली जन्मलेले रघुनाथराव म्हणजे महर्षी अण्णांचे थोरले चिरंजीव. मुंबईत गणिताचे प्राध्यापक. संततिनियमन, गुप्तरोग यांवर उघड बोलले म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. तरी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलंच. घराला आधार पत्नी मालतीबाईंच्या कमाईचा. हे कुणी फारसं सांगत नाही बरं का! १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेबांनी. त्यांनीच पुढे आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं. खटला हरले, पण १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत मासिक थांबलं नाही.

त्या काळी नवऱ्यानं बाहेरून आणलेली गरमी बायकोला लागायची, तिच्याकडून पोटातल्या बाळाला. बाळ कधी कधी अगदी धडधाकट दिसे. मग शाळेच्या वयात, कधी ऐन तारुण्यात बुबुळं धूसर होत, ऐकू येईनासं होई. पुढचे पक्के दात खाच पडलेलेच उगवत. आणि दोष कुणाचा? आईचा! आता गरोदरपणात वेळेवर पेनिसिलिन मिळालं की बहुतेक बाळं यातून वाचतात.

भाचीचा रिपोर्ट चांगला आला. जावईबापूंचंही रक्त तपासून घ्या म्हटलं, तर माझ्याकडे बघतच राहिली.