पाणपक्ष्यांचे कैवारी डॉ. सलीम अली

दिवाळी सरते, कपाशीची पहिली वेचणी घरात येते आणि वऱ्हाडातील पाण्यावर पाहुणे उतरू लागतात. मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण, अकोल्याजवळचा कापशी तलाव, काटेपूर्णेचा जलाशय आणि अमरावतीच्या आसपासची लहानमोठी तळी या दिवसांत गजबजून जातात. थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक दूर उत्तरेकडून येतात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो. आपली माणसे त्याला राजहंस म्हणतात. खरा हंस आपल्या देशात फार क्वचित दिसतो, परंतु नाव रूढ झाले आहे आणि पक्ष्याच्या ऐटीला ते शोभतेही. हळदी-कुंकू बदक, टिबुकली आणि कपाळावर पांढरा टिळा मिरवणारा वारकरी हे आपले नेहमीचे सोबती या पाहुण्यांत मिसळून जातात.

याच सुमारास, ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. राज्य शासनाने २०२० पासून त्याला अधिकृत रूप दिले. सप्ताहाचा पहिला दिवस हा मेळघाटच्या अरण्यात दीर्घकाळ सेवा केलेले मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर शेवटचा दिवस डॉ. सलीम अली यांचा. डॉ. अली यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्यांमध्ये एक येशूसंघीय धर्मगुरू होते, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांतही फारशी कोणाला माहीत नसते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीतील आपल्या घरी वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी दिलेली छर्ऱ्याची बंदूक घेऊन मुलगा चिमण्या टिपत फिरे. मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे, हेच त्या वेळी त्याचे स्वप्न होते.

दहा-बारा वर्षांच्या सलीमने एके दिवशी पाडलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता येईना, म्हणून त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कचेरीत पाठविले. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ. त्यांनी बिचकत आत आलेल्या पोराला हाकलले तर नाहीच, उलट ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगून कपाटांचे खण एकामागून एक उघडले आणि पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी दाखविले. वाचायला पुस्तकेही दिली. पुढे सत्तरहून अधिक वर्षांनी, १९८५ मध्ये, सलीम अलींनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला त्या पडलेल्या चिमणीचेच नाव दिले. ते शब्द शेक्सपिअरच्या नाटकाची आठवण करून देतात, आणि शेक्सपिअरला ते सुचले मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायावरून. पित्याच्या इच्छेवाचून भूमीवर न पडणारी ती चिमणी आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेच.

शाळेत हा विद्यार्थी सामान्यच होता. डोकेदुखीने बेजार झाल्यामुळे त्याला कोरड्या हवेसाठी सिंधमध्ये पाठवावे लागले. मॅट्रिकची परीक्षा तो १९१३ मध्ये जेमतेम उत्तीर्ण झाला. सेंट झेवियर्स कॉलेजातील पहिलेच वर्ष जड गेले, तेव्हा शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाणकामाच्या व इमारती लाकडाच्या व्यवसायात गेला. तिथल्या जंगलांनी त्याला पक्षी भरपूर दाखविले. व्यवसायात मात्र यश आले नाही. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्याने दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी शिकण्यास प्रारंभ केला.

येथे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा प्रवेश होतो. मूळचे स्वित्झर्लंडचे हे येशूसंघीय धर्मगुरू सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्राचे नामवंत अभ्यासक होते. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही त्या महाविद्यालयात आहे. या तरुणाचे मन हिशेबाच्या वह्यांत नाही, हे त्यांनी ओळखले आणि त्याला प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविले. सकाळी दावर्समध्ये जमाखर्च आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी क्रम सुरू झाला. विद्यापीठाची पदवी मात्र पदरी पडली नाही आणि त्या उणिवेमुळेच पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना नाकारली गेली. फादर ब्लॅटर १९३४ मध्ये पुण्यास निवर्तले. आपल्या या विद्यार्थ्याची पुढील थोरवी पाहण्यास ते राहिले नाहीत.

१९१८ च्या डिसेंबरात सलीम अलींचा विवाह तहमीना बेगम यांच्याशी झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकण्यास गेले. १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. हाती उत्तम शिक्षण आणि घरात मिळकत शून्य, अशा स्थितीत हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले.

त्या बेकारीनेच त्यांना कीर्ती मिळवून दिली. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली दिवसच्या दिवस बसून ती न्याहाळीत आणि टिपणे काढीत. सुगरण हा शब्दच आपण स्त्रीलिंगी करून टाकला आहे, आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेमुळे ही पक्षीण तर घरोघरी पोचली. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते. मग नर ते पूर्ण करून पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीसाठी लागतो. हे सारे त्यांनी बारकाईने नोंदवून प्रसिद्ध केले आणि देशोदेशींच्या अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले.

पुढे संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. प्रवासाचा खर्च मिळाल्यास आपण वेतनाशिवाय काम करू, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मग त्रावणकोर, कोचीन आणि इतर संस्थाने झाली. तंबू, बैलगाडी, मिणमिणता कंदील अशा त्या संसारात तहमीना बेगम बरोबर असत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. बहिणीच्या घरी राहून त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले, जे आजही पक्षिमित्रांच्या पिशवीत असते. अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला.

पाणपक्ष्यांच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे राजस्थानातील भरतपूर. तेथील पाणथळ जागा महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठी राखली होती. अजान बंधाऱ्यातून पाणी सोडून ती भरली जाई. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील दगडी फलकावर कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर ही जमीन कोरडी करून कसायला द्यावी, अशी मागणी जोर धरू लागली. मागणी करणारे काही दुष्ट नव्हते. भूमिहीन शेतकऱ्याला शेत हवे होते. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि ती पाणथळ वाचली.

१९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा उपक्रम सोसायटीने हाती घेतला. कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आली होती, आणि ती पसरविणाऱ्या गोचिडी स्थलांतरित पक्ष्यांबरोबर सैबेरियातून तर येत नाहीत ना, अशी शंका होती. जाळ्यात अलगद धरलेल्या पक्ष्याच्या पायात क्रमांक आणि सोसायटीचे नाव असलेली हलकी कडी घालून त्याला सोडून देत. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सैबेरियात सापडली. आपल्या तळ्यावर हिवाळ्यात उतरणारे पाखरू कोणत्या देशीचे, याचे उत्तर अंदाजावर न राहता पुराव्यानिशी मिळू लागले.

मात्र भरतपूरच्या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेथे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये गुरे चारण्यावर बंदी आली. सलीम अलींचा या बंदीला पाठिंबा होता. आसपासच्या गावांतील म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात चरत आल्या होत्या. असंतोष भडकला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले. बंदीनंतर पाण्यात गवत आणि वनस्पती बेसुमार माजल्या. बदकांना पोहायला मोकळे पाणी उरेना आणि पक्षी घटू लागले. म्हशींच्या चरण्यानेच ते पाणी मोकळे राहात होते, हा निष्कर्ष कोणी विरोधकाने काढला नाही. ज्या सोसायटीला सलीम अलींनी आयुष्य वाहिले, तिच्याच शास्त्रज्ञांनी सुमारे दशकभराच्या अभ्यासानंतर तो मांडला. अहवाल पूर्ण झाला तेव्हा ते हयात नव्हते.

ही चूक लहान नव्हती, माणसे जिवानिशी गेली. तरीही नेत्याचे मत चुकले असे लिहिण्याचे धैर्य शिष्यांना झाले, ते त्यांनीच लावलेल्या नोंदवहीच्या शिस्तीमुळे, असे आम्हांला वाटते. वऱ्हाडात हा प्रश्न दूरचा नाही. आपली तळी मुळात सिंचनासाठी बांधलेली आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळपेर होते, भोई बांधव जाळी टाकतात, गुरे काठाशी चरतात. त्याच काठावर टिटवी अंडी घालते आणि त्याच उथळ पाण्यात थापट्या चोच फिरवितो. कोणाला किती हटवायचे, हे बंदीचा फलक लावण्यापूर्वी काही वर्षे पाहून, मोजून ठरवावे लागते.

सलीम अली स्वतः अखेरपर्यंत शिकारीचे सरसकट शत्रू नव्हते, हेही नमूद करावे. अभ्यासासाठी त्यांनी शेकडो पक्षी मारले आणि ते लपविले नाही. पाखरांविषयीच्या कोवळ्या भावनेपेक्षा त्यांची भिस्त माहितीवर असे. शरीरयष्टी किरकोळ, बोलणे मिस्कील, वक्तशीरपणा कडक. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. पॉल गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी सोसायटीला देऊन टाकली. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणापासून वाचविण्यासाठी त्यांनी वृद्धापकाळी आवाज उठविला. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात, कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले.

त्यांच्या हयातीत रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नामशेष झाला असावा, असेच मानले जाई. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. ही वार्ता ऐकण्यास ते दहा वर्षे कमी पडले.

ज्या वर्षी ते गेले, त्याच १९८७ मध्ये भारतीय उपखंडात पाणपक्ष्यांची वार्षिक गणना सुरू झाली. दर जानेवारीत ती होते. थंडीत पहाटे तळ्यावर जायचे, दुर्बीण लावायची, एकेका जातीचे पक्षी मोजून वहीत आकडा लिहायचा, एवढेच तिचे स्वरूप आहे. पदवी लागत नाही.