विरजणाचे ऋण

दही लावायचे म्हटले की दुधापेक्षा चिंता असते ती विरजणाची. दूध डेअरीतून येते. पण कवडीदार दह्याचे विरजण मात्र शेजारणीकडूनच वाटीत आणावे लागते. तीही हात आखडता घेत नाही. उद्या तिचे दही बिघडले तर तिला आपल्याच दारी यायचे असते. या घरगुती व्यवहाराचे एक मोठे रूप गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात डेन्मार्कमध्ये पाहायला मिळाले. तिथे दह्याऐवजी बिअर होती आणि विरजणाच्या जागी यीस्ट. मद्याचे नाव निघताच नाक मुरडणाऱ्यांनीही ऐकावी, अशी ही कहाणी आहे याकोब क्रिस्तियान याकोबसेन यांची.

त्यांचा जन्म १८११ चा, कोपनहेगनमधला. वडिलांची बिअरची छोटी भट्टी होती. मुलाने धंद्याबरोबर विज्ञानाचीही गोडी लावून घेतली. विद्युतप्रवाहाने चुंबकसुई हलते हे दाखवणारे ओर्स्टेड तेव्हा कोपनहेगनमध्ये व्याख्याने देत आणि याकोबसेन ती ऐकायला जात. १८३५ मध्ये वडील वारले आणि भट्टीची जबाबदारी चोवीस वर्षांच्या तरुणावर आली.

त्या काळी कोपनहेगनची बिअर लवकर नासे. आज एक चव, तर उद्या दुसरी. याच्या उलट, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातली बिअर स्वच्छ, टिकाऊ आणि दर वेळी तीच चव देणारी. तशी बिअर आपल्याला का करता येऊ नये, या विचाराने याकोबसेन यांना पछाडले. आईच्या घरी कपडे उकळण्याचा तांब्याचा हंडा होता. त्या हंड्यातच त्यांनी बव्हेरियन बिअरचे पहिले प्रयोग केले.

सामग्री साधीच होती. मोड आणून वाळवलेले सातू, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले आणि पाणी. पण खरी किमया यीस्टची. बव्हेरियातले यीस्ट थंडाव्यात सावकाश काम करते आणि शेवटी तळाशी बसते. मग ती बिअर थंड तळघरात कित्येक आठवडे मुरू द्यायची. कृती कागदावर लिहून आणता येते, विरजण मात्र जिवंतच आणावे लागते.

म्हणून १८४५ मध्ये याकोबसेन म्युनिकला गेले. तिथल्या श्पाटेन भट्टीचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांनी त्यांना यीस्ट दिले. परतीचा प्रवास घोडागाडीचा आणि शेकडो मैलांचा. उष्णतेने यीस्ट मरू नये म्हणून याकोबसेन टप्प्याटप्प्याला उतरून त्या डब्यांवर गार पाणी ओतत. यीस्ट जिवंत पोहोचले. बिअर मुरवायला शहराच्या तटबंदीखालची थंड तळघरे मिळाली. १८४७ मध्ये शहराबाहेर वाल्बी येथे टेकडीवर त्यांनी नवी भट्टी उभारली. लहानग्या कार्लचे नाव आणि टेकडीला असलेला शब्द जोडून तिला नाव दिले कार्ल्सबर्ग.

पैसा आला, पण नासण्याचे भय गेले नाही. ते विज्ञानानेच जाईल, असा याकोबसेन यांचा विश्वास होता. १८७५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा काढली, तर १८७६ मध्ये विज्ञानासाठी प्रतिष्ठान स्थापले. प्रयोगशाळेला अट अशी की उपयोगाचा कोणताही शोध गुप्त ठेवायचा नाही. १८८३ मध्ये बिअर खरोखरच बिघडली. प्रयोगशाळेतील एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी दाखवून दिले की चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळले आहे. त्यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. दुसरा कोणी धंदेवाला असता तर हे गुपित तिजोरीत ठेवून बसला असता. याकोबसेन यांनी ते यीस्ट इतर भट्टीवाल्यांना मोफत दिले. म्युनिकहून आणलेले वाटीभर विरजण अशा रीतीने जगाला परत गेले.

परक्यांना असे मोकळ्या हाताने देणारा हा माणूस घरात मात्र हट्टी निघाला. कार्लला त्यांनी परदेशी पाठवून धंद्यात तयार केले. पण मुलगा बिअर कमी दिवस मुरवून उत्पादन वाढवू लागला आणि बापलेकांत ठिणगी पडली. कार्लने शेजारीच स्वतःची भट्टी उघडली. नावावरूनही वाद झाला. बापाने आपली भट्टी मुलाऐवजी प्रतिष्ठानाच्या नावे केली. यीस्टला सावकाश मुरू देणाऱ्या या माणसाला मुलाच्या बाबतीत तेवढा धीर धरता आला नाही. सुदैवाने अखेरीस दोघांत समेट झाला आणि १८८७ मध्ये रोम येथे याकोबसेन यांचे निधन झाले. पुढे १९०२ मध्ये कार्लनेही आपली भट्टी त्याच प्रतिष्ठानाला दिली. वडिलांना याहून मोठी श्रद्धांजली कोणती?

अन्नातील प्रथिने मोजण्याची केलडाल यांची पद्धत आणि आम्लता सांगणारे पीएच हे मापही याच प्रयोगशाळेची देणगी. २०१३ मध्ये कार्ल्सबर्गच्या तळघरात एक जुनी बाटली सापडली. तिच्यात हान्सेन यांच्या काळातले यीस्ट अजून जिवंत होते. त्यापासून २०१६ मध्ये पुन्हा ती जुनी बिअर करण्यात आली.

शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. याकोबसेन यांनी ती आयुष्यभर पाळली.