पंख्याची दोरी आणि तराजूचा काटा
(सर छोटूराम यांचे जीवन व कार्य)

गेल्या वर्षी माघ महिन्यात आबांनी तुरीची बारा पोती तालुक्याच्या बाजारात घातली आणि संध्याकाळी घरी आल्यावर हिशेबपट्टी माझ्या हाती दिली. शिकलेली मुलगी म्हणून हे वाचनाचे काम माझ्याकडे असते. हमाली, तोलाई, वाराई असे एकेक रकाने मी वाचत गेले. पोत्यामागे एक किलो कडता धरला होता. पेरणीच्या वेळी त्याच आडत्याकडून घेतलेली उचल व्याजासह वळती केली होती. शेवटी इतर एवढाच शब्द आणि त्यापुढे दोनशे दहा रुपये. इतर म्हणजे काय, असे मी विचारले. आबा म्हणाले, असतेच ते. मीही पट्टी घडी करून कपाटात ठेवली आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागले.

तो शब्द मात्र मनातून जाईना. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला शेतमालाच्या विपणनाचा विषय निघाला, तेव्हा मी सरांना याविषयी विचारले. त्यांनी मला ग्रंथालयात पाठवले आणि एका माणसाचे चरित्र वाचायला सांगितले. तो माणूस ना महाराष्ट्रातला, ना आपल्या पाठ्यपुस्तकातला. पंजाब आणि हरियाणाच्या खेड्यापाड्यांत मात्र त्याचे नाव ठाऊक नाही असे घर सापडायचे नाही. त्याचे नाव चौधरी छोटूराम. त्यांच्याविषयी मी जे वाचले ते या पानांतून आपल्यापुढे ठेवत आहे.

छोटूरामांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजी रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी झाला. हा भाग त्या काळी पंजाब प्रांतात होता, आज तो हरियाणात आहे. त्यांचे खरे नाव रिछपाल. भावंडांत सर्वांत धाकटे म्हणून घरचे त्यांना छोटू म्हणत. शाळेच्या दाखल्यात तेच नाव पडले आणि जन्मभर राहिले. वडील सुखीराम हे थोड्याशा कोरडवाहू जमिनीवर संसार चालवणारे जाट शेतकरी होते. घरावर कर्ज होते. त्या मुलखात पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे कर्ज फिटण्यापेक्षा वाढण्याचाच संभव अधिक.

सांपल्याची शाळा आणि नंतर झज्जरची शाळा संपवून मुलाला दिल्लीला शिकण्याची इच्छा झाली. पैसे हवे होते म्हणून वडील त्याला घेऊन सावकाराकडे गेले. पुढचा प्रसंग त्यांचे सगळेच चरित्रकार सांगतात. दिवस उन्हाळ्याचे होते. सावकार गादीवर बसला होता आणि वर छताला कापडी पंखा टांगलेला होता. कर्जाची गोष्ट निघण्यापूर्वीच सावकाराने पंख्याची दोरी सुखीरामांकडे टाकली आणि त्यांना ती ओढायला सांगितले. सावकाराचा तरणाताठा मुलगा तिथेच बसलेला असताना आपल्या वयस्क बापाने दोरी ओढायची, हे त्या पोराला सहन झाले नाही. बाप मात्र दोरी ओढू लागला. कर्ज मागायला आलेल्या माणसाला दुसरे काय करता येणार?

हा प्रसंग वाचला तेव्हा मला कपाटातली पट्टी आठवली. असतेच ते, हे आबांचे शब्द आणि सुखीरामांनी निमूटपणे हाती घेतलेली दोरी, यांत फार अंतर आहे असे मला वाटले नाही.

छोटूराम दिल्लीच्या मिशन शाळेत शिकले. तिथे वसतिगृहाच्या कारभाराविरुद्ध त्यांनी विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. पुढे सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून १९०५ मध्ये ते पदवीधर झाले. त्यांचा आवडीचा विषय संस्कृत होता, हे आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. शिक्षणासाठी त्यांना सेठ छाजूराम या धनिक गृहस्थांचे साहाय्य मिळाले. म्हणजे एका धनवंताच्या दारी अपमान वाट्याला आला, तसा दुसऱ्याच्या हातून आधारही मिळाला. त्यांच्या पुढच्या लढ्याकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये. काही दिवस त्यांनी कालाकांकरच्या राजांकडे चिटणिशी केली, आग्र्याला कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९१२ च्या सुमारास रोहतकला येऊन वकिली सुरू केली.

कोर्टात बसल्यावर खेड्यातले दुखणे त्यांना कागदोपत्री दिसू लागले. अंगठा उठवलेले कोरे कागद, मुद्दलाच्या कितीतरी पट झालेले व्याज, जप्तीत गेलेले बैल. पक्षकार निरक्षर, वही सावकाराच्या हातची आणि न्यायालय वहीवर विश्वास ठेवणारे. १९१६ मध्ये त्यांनी जाट गॅझेट हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्यातून त्यांनी शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत समजेल असे लिहिले. बेचारा जमीनदार ही त्यांची लेखमाला फार गाजली. तिकडे जमीनदार म्हणजे मोठा इनामदार नव्हे, स्वतःची जमीन कसणारा साधा शेतकरीही जमीनदारच, हे आपण मराठी वाचकांनी ध्यानात घ्यायला हवे.

त्याच वर्षी ते रोहतक जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. परंतु असहकाराच्या कार्यक्रमाशी मतभेद होऊन १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. १९२३ मध्ये सर फजल-ए-हुसेन यांच्याबरोबर त्यांनी युनियनिस्ट पक्षाची उभारणी केली. हिंदू, मुसलमान आणि शीख शेतकऱ्यांना एका झेंड्याखाली आणणारा हा पक्ष होता. बैलाच्या मानेवरचे जू धर्म विचारत नाही, हे त्यांना पक्के कळले होते. १९३७ मध्ये सर सिकंदर हयात खान यांच्या मंत्रिमंडळात ते विकासमंत्री झाले आणि पुढे महसूलमंत्री.

यापुढचा भाग मी थोडा विस्ताराने सांगणार आहे, कारण त्यांचे खरे मोठेपण त्यात आहे.

पंजाबच्या मंडीत शेतकरी गव्हाची गाडी घेऊन येई, तेव्हा तो विकायला मोकळा नसे. कच्चा आडत्या त्याचा माल विकून देई, आणि बियाण्याला, लग्नाला, आजारपणाला पैसेही तोच देई. माल त्याच्याच दारात घालायचा, ही त्या कर्जाची न लिहिलेली अट असे. मग आडत, तोलाई, पल्लेदारी, मुनिमी अशा नाना नावांनी कापणी होई. गोशाळा व धर्मादाय यांच्या नावानेही शेतकऱ्याच्या मालातून कापले जाई. दान व्यापाऱ्याच्या नावावर आणि धान्य शेतकऱ्याचे! भाव तर कापडाखाली बोटे दाबून ठरत. आपल्याकडे रुमालाखालचे सौदे म्हणत, तोच हा प्रकार. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. वजने खरी की खोटी हे पाहणारे कोणी नव्हते. मापात पाप ही म्हण आपल्याकडे आहे. तिचा अनुभव मात्र सर्व मुलखांतला.

छोटूरामांनी ओळखले की कर्ज आणि बाजार हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्याच्या हाती कर्जाची वही, त्याच्याच हाती तराजू असेल, तर काटा सरळ राहणार कसा? म्हणून त्यांनी एकामागून एक कायद्यांसाठी झटून दोन्ही बाजूंनी बांध घातला. १९३४ च्या कर्जनिवारण कायद्याने दामदुपटीचे तत्त्व आणले. मुद्दलाच्या दुप्पट रक्कम फेडली गेली की कर्ज संपले. १९३८ मध्ये सावकारांना नोंदणी सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ८ जून १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळण्याची वाट मोकळी केली.

मग १९३९ मध्ये शेतमाल बाजाराचा कायदा झाला. बाजार चालवायला समिती नेमायची आणि तिच्यात दोन तृतीयांश सभासद शेतकऱ्यांचे असायचे, ही त्यातली कळीची गोष्ट. व्यवहार करणाऱ्याने परवाना घ्यायचा. कापणी कोणती व किती, हे ठरवून द्यायचे; त्याबाहेर एक पैसाही घ्यायचा नाही. १९४१ मध्ये वजन-मापांचा कायदा येऊन खोट्या वजनांनाही पायबंद बसला.

विरोध कडाडून झाला. विरोधकांनी यांना काळे कायदे म्हटले, तर शेतकऱ्यांनी सोनेरी कायदे. समितीत दोन दिडक्यांचा शेतकरी लक्षाधीश व्यापाऱ्याच्या शेजारी बसणार, असाही एक आक्षेप घेतला गेला. मला वाटते, आक्षेप घेणाऱ्यांना कायद्याचे मर्म बरोबर कळले होते. छोटूरामांना शेतकऱ्यासाठी दया नको होती, बसायला जागा हवी होती.

याच सुमारास महाराष्ट्रात काय होते, हेही मी शोधले. सावकारी वह्यांविरुद्धचा उठाव पुणे जिल्ह्यात सुपे येथे १८७५ मध्येच झाला होता आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ चा, म्हणजे पंजाबच्या कितीतरी आधीचा. पण तेथील समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा कायदा १९२७ मध्ये आणि सर्व शेतमालाचा १९३९ मध्ये झाला. आजच्या आपल्या बाजार समित्या १९६३ च्या कायद्याखालच्या. म्हणजे हे विचार आपल्याला परके नाहीत. तरीही माझ्या आबांच्या पट्टीत इतर हा शब्द उरलाच.

छोटूरामांची थोरवी सांगताना उणिवा झाकणे बरे नव्हे. त्यांच्या कायद्यांचा शेतकरी हा बहुधा जमीन असलेला शेतकरी होता. पंजाबात शेतकरी जाती कोणत्या याची सरकारी यादीच होती आणि रानात राबणारे भूमिहीन दलित त्या यादीबाहेर राहिले. बिगर शेतकरी सावकार आवळला गेला, तेव्हा काही ठिकाणी मोठा जमीनदारच सावकार झाला. ब्रिटिशांच्या सैन्यभरतीला त्यांनी दोन्ही महायुद्धांत साहाय्य केले. दुसऱ्या महायुद्धात गव्हाच्या भावावर सरकारी नियंत्रण आणण्यास त्यांनी जोरदार विरोध केला, आणि १९४३ मध्ये तर बंगाल अन्नावाचून तडफडत होता. पिकवणाऱ्याचा न्याय आणि खाणाऱ्याचा न्याय यांचा मेळ घालणे किती कठीण आहे, हे इथे दिसते. मला याचे उत्तर सापडलेले नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी दोन कामांत जीव ओतला. एक भाक्रा धरणाच्या योजनेचा पाठपुरावा आणि दुसरे पंजाबचे ऐक्य. फाळणीच्या राजकारणाला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. मुसलमान शेतकरी त्यांना रहबर-ए-आझम म्हणत, हिंदू शेतकरी दीनबंधू. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले आणि रोहतकला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अडीच वर्षांनी पंजाब दुभंगला. तो दिवस त्यांना पाहावा लागला नाही. २०२० मध्ये शेतीविषयक तीन केंद्रीय कायद्यांविरुद्ध पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले, तेव्हा छोटूरामांचे स्मरण तिथे पुन्हा पुन्हा झाले. ते कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले.

आता माझे थोडे सांगून संपवते. यंदा तूर घालायला मी आबांबरोबर बाजारात गेले. पट्टी हाती आल्यावर इतर म्हणजे काय, हे मी मुनिमांना विचारले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, आणि दुसरी पट्टी लिहून दिली. त्यात तो रकाना नव्हता. कडत्याविषयीही विचारणार होते, पण आबांनी माझा हात धरला. परतताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मृगाला उचल मागायला मलाच त्याच्याकडे जायचे आहे, पोरी.

त्या क्षणी मला छोटूरामांचे सगळे कायदे एकदम समजले. रकाना खोडणे सोपे होते. दोरी अजून आबांच्याच हातात होती. आमच्या गावच्या सोसायटीत पीककर्जाचा अर्ज कसा भरतात, हे मी चौकशी करून आले आहे. मृगापूर्वी तो भरायचा आहे. गेल्या वर्षीची पट्टीही मी कपाटातून काढून अर्थशास्त्राच्या वहीत ठेवली आहे.