पृथ्वीचा गाभा शोधणारे रिचर्ड ओल्डहॅम

आमच्या मराठवाड्यात विहीर खणावयाची म्हणजे काळा फत्तर फोडावा लागतो, हे नांदेड-लातूरकडील मुलांस सांगावयास नको. किल्लारी येथे वेधनयंत्राने भोक पाडले, तेव्हा हा फत्तर सुमारे ३३८ मीटर जाड निघाला व त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. परंतु पृथ्वीचा मध्य सुमारे ६,३७० किलोमीटर खोल आहे! तेथील रचना मनुष्यास कळली कशी? याचे मोठे श्रेय रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांस आहे.

त्यांचा जन्म १८५८ साली डब्लिन येथे झाला. वडील टॉमस हे हिंदुस्थानच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. रिचर्ड १८७९ साली त्याच खात्यात रुजू झाले. आसामकडील काछाडच्या भूकंपावरील वडिलांचा अहवाल त्यांच्या मृत्यूमुळे मागे राहिला होता. तो पुत्राने संपादून १८८२ साली प्रसिद्ध केला.

१२ जून १८९७ रोजी आसामात भयंकर भूकंप होऊन शिलाँग शहर जमीनदोस्त झाले. ओल्डहॅम यांनी त्या प्रांताची पाहणी केली, तसेच दूर युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या नोंदीही तपासल्या. एकाच धक्क्याच्या तीन प्रकारच्या लाटा निरनिराळ्या वेळी पोहोचतात, असे त्यांस आढळले.

प्रकृती साथ देईना म्हणून १९०३ साली त्यांनी नोकरी सोडली. अभ्यास मात्र सोडला नाही. बाजारात माठ घेताना आपली आई तो वाजवून पाहते. ओल्डहॅम यांनी भूकंपाच्या आघातांवरून पृथ्वी तशीच पारखली. पलीकडील बाजूस लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात; अर्थात मध्यभागी निराळ्या द्रव्याचा गाभा असला पाहिजे, असे त्यांनी १९०६ साली मांडले. १९२६ साली हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी हा गाभा द्रवरूप असल्याचे दाखविले. १९३६ साली ओल्डहॅम निवर्तले; त्याच वर्षी इंगे लेमान या विदुषीने आत आणखी एक गाभा असल्याचे प्रतिपादिले. तो घन आहे, हे पुढे ठरले.

आज आपण जाणतो की, वर खडकांचे पातळ कवच, त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत जड खडकांचे प्रावरण, आणि आत मुख्यत्वे लोखंड व निकेल यांचा गाभा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो जीव गेले. पुष्कळसे आपल्याच घरांच्या जड दगडमातीच्या भिंतींखाली सापडले. भूकंप केव्हा होईल हे आजही सांगता येत नाही. परंतु तो सोसील असे घर बांधता येते. आसामच्या त्या दुःखातून ओल्डहॅम यांनी जगास ज्ञान मिळवून दिले. आमच्या भूमीच्या दुःखातून आमच्या विद्यार्थ्यांनीही तसेच काही मिळवावे, अशी आम्ही आशा करतो.